कवितेची वर्गणी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

"कविता लिहायला संस्था कशाला लागते हो?" हा प्रश्न मला वर्षातून चार-दोन वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा वर्गणीची पावती असते, त्यामुळे प्रश्नाला थोडी धारही असते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. कवीला कागद लागतो, पेन लागतं, आणि घरातल्यांनी तासभर हाक मारली नाही तर फार बरं. मग हे मंडळ, परिषद, प्रतिष्ठान, अध्यक्ष, चिटणीस, सतरंज्या, ध्वनिक्षेपक यांचा कवितेशी काय संबंध?

मी स्वतः कवी नाही. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत गणित शिकवलं. गणित शिकवतो म्हणजे हिशेब चोख ठेवील, असं गृहीत धरून गावातल्या साहित्य मंडळाने माझ्याकडे रोजकीर्द सोपवली. तिला आता बावीस वर्षं झाली. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला साहित्यशास्त्रातून देता येणार नाही. पण आपल्या भागात, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, कवितेचं काय काय झालं हे पाहिलं तर उत्तर आपोआप मिळतं. ते उत्तर आज आपल्यासमोर मांडावं, एवढाच हेतू आहे.

जळगावचं मासिक

गोष्ट सुरू होते १८८७ साली. त्या वर्षी जळगावहून 'काव्यरत्नावली' नावाचं मासिक निघालं. काढणारे होते नारायण नरसिंह फडणीस. लोक त्यांना नानासाहेब म्हणत. त्या काळचं जळगाव डोळ्यांसमोर आणून पाहा. कापसाची पेठ आणि रेल्वेचं स्टेशन. गावात कॉलेज नाही, मोठे ग्रंथकार नाहीत. मराठी वाङ्मयाची घडामोड पुण्या-मुंबईत चाललेली. अशा ठिकाणी बसून एका माणसाने ठरवलं, की आपण मासिक काढायचं आणि ते फक्त कवितेला वाहायचं. कथा नाही, राजकारण नाही, बाजारभाव नाही.

आश्चर्य वाटतं ते पुढेच. हे मासिक १९३५ पर्यंत चाललं. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं. आज कोणाच्या डोक्यात नवं नियतकालिक काढायचं आलं, तर आम्ही जुनी मंडळी त्याला प्रेमाने विचारतो, "पाचवा अंक कधी?" कारण चार अंकांपर्यंत उत्साह पुरतो, पाचव्याला पैसे लागतात. हे लक्षात घेतलं की अठ्ठेचाळीस वर्षांचा अर्थ कळतो.

या मासिकाने केलं काय? केशवसुतांचंच उदाहरण घ्या. ज्यांना आपण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतो, ते १९०५ साली वयाच्या चाळिशीच्या आत गेले. त्यांच्या कवितांचं पुस्तक ते गेल्यानंतर निघालं. म्हणजे त्यांच्या हयातीत ज्यांनी ज्यांनी त्यांची कविता वाचली, ती मासिकांतून वाचली. 'काव्यरत्नावली' हे त्यांतलं एक. रेव्हरंड टिळकांची कविता इथे आली, धुळ्यात जन्मलेल्या कवी विनायकांची आली. कविता पोस्टाने यायच्या, त्या कोणीतरी वाचायचं, निवडायचं, जुळाऱ्याकडे द्यायचं, प्रुफं तपासायची, अंक बांधायचे आणि वर्गणीदारांना पाठवायचे. कवितेच्या इतिहासात या कामांची नोंद सहसा होत नाही. पण ही कामं झाली नसती, तर कितीतरी कविता कवीच्या पेटीतच राहिल्या असत्या.

कायद्याच्या भाषेत 'काव्यरत्नावली' ही संस्था नव्हती. तिची नोंदणी, घटना, कार्यकारिणी असं काही सांगता येणार नाही. पण साहित्य संस्थेने जे करायचं असतं, ते तिने केलं. दूरच्या, अनोळखी माणसाची कविता स्वीकारायला एक दार उघडं ठेवलं.

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे लष्करातले डॉक्टर, शिवाय भारतीय औषधी वनस्पतींवरच्या मोठ्या ग्रंथाचे एक कर्ते. त्या संमेलनात धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे त्याचं नाव. त्याची कविता ऐकून कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं, आणि तेच नाव पुढे कायमचं झालं. १९१८ साली, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. संग्रह निघाला तो त्यानंतर. म्हणजे त्यांच्या वाट्याला कवी म्हणून जे दहा-अकरा वर्षांचं जगणं आलं, त्याच्या आरंभी ते जळगावचं संमेलन आहे. बालकवींची प्रतिभा काही संमेलनाने दिली नाही. पण या मुलाकडे लक्ष द्या, एवढं त्या सभेने महाराष्ट्राला सांगितलं.

त्याच गावातली दुसरी गोष्ट

आता याच जळगावची दुसरी बाजू सांगतो. ती सांगितल्याशिवाय संस्थांबद्दल बोलणं अर्धवट राहील.

१८८० साली आसोद्याला जन्मलेली एक मुलगी लग्न होऊन जळगावला आली. तिचं नाव बहिणाबाई चौधरी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे काम करताना तिला ओव्या सुचत आणि ती म्हणत असे. 'काव्यरत्नावली' जळगावातून निघत होती, त्यांतली चाळीसएक वर्षं बहिणाबाई त्याच गावात राहत होत्या. १९०७ साली कविसंमेलन भरलं, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. मराठीतली एक थोर कवयित्री आणि मराठी कवितेचं एक मानाचं मासिक ही दोन्ही एका गावात नांदली, आणि एकमेकांना त्यांचा पत्ता लागला नाही.

बहिणाबाईंच्या कविता वाचल्या त्या घरातल्या माणसांमुळे. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आणि घरातल्याच पितांबर चौधरींनी आईच्या तोंडून ऐकलेलं टिपून ठेवलं. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. २०१८ साली ते दिलं गेलं.

यात नानासाहेब फडणिसांना दोष देण्याचा प्रश्न येत नाही. त्या काळी शेतात काम करणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंत मासिकाचा माणूस पोचणं कठीणच होतं. पण संस्थेत काम करणाऱ्या माणसाने ही गोष्ट विसरू नये, असं मला वाटतं. मुलगा कवी निघाला म्हणून एक बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. ज्या बायकांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं, त्यांचं काय झालं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. संस्थेचं दार उघडं असलं तरी त्याच्यापर्यंत यायचा रस्ता सगळ्यांना सारखा नसतो.

आजही हे आहेच. आमच्या मंडळाची दर महिन्याला बैठक होते. एकदा अकरावीतली एक मुलगी बराच वेळ मागे बसून होती. शेवटी उठून म्हणाली, "सर, अहिरानीमा लिखेल शे, चाली का?" अहिराणी ही इथल्या लक्षावधी लोकांची घरची बोली. आणि तरी आपल्याच गावच्या साहित्य मंडळात ती चालेल का, हे त्या मुलीला विचारावं लागलं. तिने कविता म्हटली. त्या दिवसापासून आमच्या निमंत्रणपत्रावर एक ओळ कायम छापली जाते, 'कोणत्याही बोलीतील कविता चालेल.' छपाईचा खर्च एका पैशाने वाढला नाही. बैठकीला येणारी माणसं मात्र वाढली.

नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या कवींची गोष्ट आणखी वेगळी. वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा कवितासंग्रह १९८७ साली आला. भिलोरी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वावरणारी ती कविता आहे. आदिवासी कवींनी पुढे स्वतःची साहित्य संमेलनं भरवली. आपल्यासाठी मांडलेल्या मांडवात आपल्याला जागा नसेल तर आपला मांडव आपण घालावा, हे त्यांनी करून दाखवलं. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्या दोन्ही वेळी त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. काहींना ही भांडणं वाटतात. मला तसं वाटत नाही. एका गावात दोन मांडव पडले आणि दोन्हींकडे माणसं गेली, याचा अर्थ त्या गावात ऐकणारे लोक आहेत.

माणूस गेल्यावर

साहित्य संस्थांचा एक जुना रोग आहे. एक माणूस उभा राहतो, तो संस्था चालवतो, आणि तो थकला की संस्थाही थकते. ज्या संस्थांनी यावर उपाय शोधला, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

नाशिक पाहा. तिथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्माआधी बहात्तर वर्षं ते उभं होतं. कुसुमाग्रजांनी १९५० साली लोकहितवादी मंडळ स्थापन केलं. २०२१ चं नाशिकचं संमेलन याच मंडळाने भरवलं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने १९९१ पासून दर दोन वर्षांनी 'जनस्थान' पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला विजय तेंडुलकरांना. मग १९९३ ला विंदा करंदीकर, १९९५ ला इंदिरा संत. १९९९ च्या मार्चमध्ये कुसुमाग्रज गेले. पुरस्कार थांबला नाही. २००५ साली तो नारायण सुर्व्यांना मिळाला, २००७ साली बाबुराव बागुलांना, २००९ साली ना. धों. महानोरांना. २०२५ साली तो सतीश आळेकरांना दिला गेला.

पुरस्कारापेक्षाही मला त्याच प्रतिष्ठानाचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम जवळचा वाटतो. पुस्तकांच्या पेट्या भरायच्या आणि एखाद्या वाचक-गटाकडे द्यायच्या. त्यांनी त्या वाचून संपवायच्या, मग आपली पेटी दुसऱ्या गटाला द्यायची आणि त्यांची आपण घ्यायची. नाशिकहून निघालेल्या या पेट्या पुढे महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेरही गेल्या. यात सभागृह लागत नाही, हार लागत नाही, अध्यक्षीय भाषण लागत नाही. पेटी कोणाकडे आहे आणि कधी बदलायची, याची नोंद ठेवणारा एक विश्वासू माणूस लागतो.

धुळ्याचं उदाहरण वेगळ्या प्रकारचं आहे. १९८२ साली 'सत्यकथा' बंद पडलं. नव्या कवीने ज्या मासिकात आपली कविता यावी म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहिली, असं ते मासिक. ते गेल्यावर कविता पाठवायची कुठे, असा प्रश्न अनेकांपुढे उभा राहिला. १९८५ साली धुळ्याहून प्रा. पुरुषोत्तम पाटील यांनी 'कविता-रती' हे द्वैमासिक सुरू केलं. पुन्हा फक्त कविता आणि कवितेविषयीचं लेखन. म्हणजे 'काव्यरत्नावली' थांबल्यावर बरोबर पन्नास वर्षांनी खानदेशातच दुसरं कवितेचं नियतकालिक उभं राहिलं. पाटील सर स्वतः चांगले कवी. तरी आयुष्यातली तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या कवितेसाठी दिली. २०१७ च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्यामागेही अंक निघत राहिला, ही त्यांच्या कामाची खरी पावती.

धुळ्यालाच आणखी जुनी परंपरा आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी सत्कार्योत्तेजक सभेच्या मार्फत समर्थ रामदासांच्या संप्रदायातली हस्तलिखितं गावोगाव, मठामठांतून हिंडून गोळा केली. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले, तेव्हा त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. छापणं हे जसं संस्थेचं काम, तसं जपणं हेही. वाळवी, पाऊस आणि वारसांची साफसफाई या तिन्हींपासून कागद वाचवणारं कोणीतरी गावात असावं लागतं.

वहीत काय असतं

आता माझ्या हातातल्या वहीबद्दल थोडं बोलतो. साहित्य संस्थेवर बोलताना सगळे साहित्यावर बोलतात, संस्थेवर कोणी बोलत नाही.

आमच्यासारखं मंडळ दोन कायद्यांखाली नोंदलेलं असतं. एक १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि दुसरा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा. दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करायचे. कार्यकारिणीतला माणूस बदलला की बदल अर्ज द्यायचा. सभेचं इतिवृत्त लिहायचं, ठरावाला सूचक आणि अनुमोदक घालायचे. हे सगळं कंटाळवाणं आहे, हे मला मान्य. पण ज्या मंडळांनी हे टाळलं, त्यांची अवस्था मी पाहिली आहे. जुने विश्वस्त हयात नाहीत, नव्यांची नावं दप्तरी चढलेली नाहीत, बँक सही मान्य करीत नाही. पैसे खात्यात पडून आहेत आणि कवीला जायचं-यायचं भाडं द्यायला कोणाकडे अधिकार नाही.

खर्चाची बाजू साधी आहे. सभागृहाचं भाडं, ध्वनिक्षेपक, निमंत्रणपत्रं, चहा, पाहुण्यांचा प्रवास. जमेच्या बाजूला सभासदांची वर्गणी, दोन-तीन व्यापाऱ्यांच्या देणग्या, आणि एखाद्याने वडिलांच्या नावाने ठेवलेल्या ठेवीचं व्याज. त्या व्याजातून वर्षाला एक पुरस्कार. व्याजाचा दर उतरला की पुरस्काराची रक्कमही आक्रसते. पुरस्काराची वार्ता वर्तमानपत्रात येते, व्याजाचा दर उतरल्याची वेगळी बातमी येते. त्या दोन बातम्यांचा संबंध फक्त कोषाध्यक्षाला कळतो.

एक खर्च मात्र जमाखर्चात बऱ्याचदा दिसतच नाही. तो म्हणजे कवीचं मानधन. मांडववाल्याचं बिल आपण घासाघीस करून का होईना, देतो. माइकवाला पैसे आधी मागतो. शाल आणि श्रीफळ रोख घ्यावे लागतात. ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं, त्याला आपण शाल देतो आणि 'कविता ही सरस्वतीची सेवा आहे' असं सांगतो. एका कवीने मला हसत हसत सांगितलं होतं, "सर, माझ्या घरी इतक्या शाली आहेत, की थंडी पडली तरी कमी पडते." आमच्या मंडळाने नियम केला आहे. शाल नाही, पाकीट. रक्कम लहान असते, पण ती आधी कळवलेली असते आणि कार्यक्रम संपायच्या आत दिलेली असते.

टपालाचाही विषय आहे. लहान संस्थेची पुस्तकं दुकानात क्वचित जातात, ती पोस्टाने जातात. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्टची सोय बंद झाली, तेव्हा अनेक छोट्या प्रकाशकांचं गणित कोलमडलं. मे २०२५ पासून पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली, त्यामुळे थोडा दिलासा मिळाला. पण नियमित निघणाऱ्या नियतकालिकांना त्या सेवेचा उपयोग नाही. शंभर रुपयांचा काव्यसंग्रह पाठवायला किती रुपये लागतात, यावर तो गडचिरोलीच्या वाचकाच्या हातात पडणार की नाही, हे ठरतं.

सरकारने काही करू नये, असं माझं म्हणणं नाही. १९६० साली स्थापन झालेल्या राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान द्यायची योजना चालवली. तिच्यामुळे कितीतरी लहान गावांतल्या कवींचं पहिलं पुस्तक निघालं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ पहिल्या कवितासंग्रहासाठी 'विशाखा' पुरस्कार देतं. ही कामं चांगलीच आहेत. पण सगळाच भार अनुदानावर गेला, की संस्थेची मान आपोआप व्यासपीठाकडे वळते. निमंत्रणपत्रावर नावं वाढतात, कवींची वेळ कमी होते. मंत्र्यांची गाडी उशिरा येते म्हणून कविसंमेलन रात्री अकराला सुरू होतं, आणि अकरा वाजता ऐकायला माइकवाला आणि कवींची मुलंबाळं एवढेच उरतात. वर्गणीदाराच्या दोनशे रुपयांची ताकद इथे आहे. ते पैसे देणारा माणूस समोर खुर्चीवर बसतो आणि वेळ झाली की घड्याळाकडे पाहतो. त्याला उत्तर द्यावं लागतं.

मांडव उतरल्यानंतर

अमळनेरला १९५२ साली कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं. त्यानंतर बहात्तर वर्षांनी, २०२४ मध्ये, तिथल्या मराठी वाङ्मय मंडळाने पुन्हा संमेलन भरवलं. साने गुरुजींच्या गावी ते झालं, याचा आम्हा खानदेशी माणसांना आनंद होणं साहजिक होतं. गुरुजी तिथे शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून एक दैनिक काढत असत. हाताने लिहिलेलं दैनिक, रोजच्या रोज! त्याला ना अनुदान होतं, ना मांडव.

मोठं संमेलन तीन दिवसांचं असतं. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकांची विक्री होते, गावाला ऊर्जा मिळते. ते व्हावंच. पण चौथ्या दिवशी मांडव उतरतो आणि गाव पुन्हा बहात्तर वर्षं वाट पाहू शकत नाही. मधल्या काळात दर महिन्याला वीस-पंचवीस माणसं एका खोलीत जमून एकमेकांच्या कविता ऐकत असतील, तरच त्या तीन दिवसांना अर्थ राहतो.

आमच्या संस्थांमध्ये खोट नाही, असं मी म्हणणार नाही. तेच अध्यक्ष वीस-वीस वर्षं राहतात. पुरस्कार ओळखीच्या घरांत फिरतात. निवडणुकीच्या वेळी सभासद वाढतात आणि बैठकीच्या वेळी दिसत नाहीत. मुलामुलींना आपण सतरंज्या घालायला बोलावतो, निर्णय घ्यायला बोलावत नाही. मग 'तरुण पिढी साहित्याकडे येत नाही' असा ठराव करतो. तरुण लिहितात, ऐकवतात, मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. त्यांच्या कवितेला हजार माणसं एका रात्रीत मिळतात. पण ती कविता दहा वर्षांनी कुठे सापडेल, आणि 'इथे दुसरा शब्द बघ' असं त्यांना कोण सांगेल, हे प्रश्न राहतातच. ही दोन कामं मंडळ करू शकतं. त्यासाठी मंडळाची किल्ली त्यांच्या हातात द्यावी लागेल. आमच्याकडे आता चिटणीस सव्वीस वर्षांची आहे. ती माझ्याकडे हिशेब मागते आणि तारखेच्या तारखेला मागते. मला ते बरं वाटतं.

तर, सुरुवातीचा प्रश्न असा होता, की कविता लिहायला संस्था कशाला लागते? लिहायला लागत नाही. बहिणाबाईंना लागली नाही. पण लिहिलेली कविता दुसऱ्याच्या कानी पडायला, छापून यायला, पन्नास वर्षांनी सापडायला कोणीतरी लागतं. कधी तो फडणिसांसारखा एक माणूस असतो, कधी सोपानदेवांसारखा मुलगा असतो. असा माणूस प्रत्येक गावात आणि प्रत्येक घरात जन्माला येईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. म्हणून दहा जणांनी मिळून ते काम वाटून घ्यायचं, त्याला आपण मंडळ म्हणतो.

आपल्या गावात असं एखादं मंडळ, वाचनालय, एखादं लहानसं नियतकालिक नक्की असेल. त्याचा फलक कदाचित पुसट झाला असेल. एकदा जाऊन चौकशी करा. वर्षाची वर्गणी किती ते विचारा, ती भरा आणि पावती मागून घ्या. पुढच्या बैठकीला येताना शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. आणि जमाखर्च वाचून दाखवतील तेव्हा उठून जाऊ नका. मानधनाच्या रकान्यात काय लिहिलं आहे, तेवढं अवश्य ऐका.